भाऊजींच्या यादीत लेकीचं नाव

पोरीच्या शाळेच्या ड्रेसची एक बाजू लांब यायला लागली, तेव्हा अक्कानं पहिल्यांदा आपल्या टेपवरच संशय घेतला. दोनदा उसवलं, दोनदा शिवलं. तिसऱ्यांदा पोरीला अंगणात पाठमोरी उभी केली आणि मला हाक मारली. म्हणाली, "बग गं, ड्रेस वाकडा हाय का पोरगी वाकडी हाय?" मी बघितलं. पोरीचा उजवा खांदा खाली होता आणि पाठीच्या डाव्या बाजूची फरी, खांद्यामागचं हाड, वर आली होती. ड्रेस सरळ होता.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचे मालक, माझे मोठे भाऊजी, फौजेतून नाईक म्हणून घरी आले. बर्फाच्या डोंगरात त्यांचा उजवा पाय गेला, गुडघ्याच्या खाली. त्यांना अपंगत्वाची पेन्शन आहे. आमचं गाव कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या बाजूला आहे. दोघा भावांचं घर एकच आहे, चूलही एकच. आणि ती पोरगी पोटची माझी आहे, पण लेक अक्काची आहे. अक्काला ती अव्वा म्हणते, मला काकू.

हे कसं झालं ते सांगते. भाऊजी पाय घालवून घरी आले तेव्हा अक्काची दोन लेकरं पोटातच गेलेली होती. तिसऱ्याची आशा डॉक्टरनं ठेवली नव्हती. भाऊजी आतल्या खोलीत बाजेवर पडून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्या वर्षी मला दुसरी मुलगी झाली. सासूबाईंनी मला विचारलं, हिला थोरलीच्या ओटीत घालू का? मी बाळंतीण होते. तोंडावर पदर होता. मी मान हलवली. बारशाच्या दिवशी आमच्या जंगम गुरूंनी, अय्यांनी, लेकराच्या गळ्यात लिंग बांधलं, कानात नाव सांगितलं आणि उचलून अक्काच्या ओटीत दिलं. गाव जेवलं. दूध मीच पाजलं वर्षभर, पण पाजून झालं की अक्काच्या कुशीत द्यायची. सवय झाली.

पोरगी सहा वर्षांची झाल्यावर अक्कानंच तिला सगळं सांगितलं. कुणीतरी बाहेरून सांगण्याआधी. मला वाटलं होतं ती लपवील. तिनं लपवलं नाही. म्हणाली, "चोरून ठिवलेलं लेकरू चोरीचंच ऱ्हातंय."

कागद मात्र कुणी केला नाही. भाऊजींनी तेव्हा कागदाचा विषय काढला होता, असं अक्का सांगते. सासूबाईंनी तो मोडून काढला. आमच्याकडं भावाभावात कागद होतो तो वाटणीचा. कागद आला की बांध पडतो, चुली दोन होतात. "घरातलं लेकरू घरातच फिरलंय, त्याला शिक्का कामून?" असं त्या म्हणाल्या आणि ते सगळ्यांना पटलं. पुढं पोरीला शाळेत घालायच्या वेळी भाऊजी नवीन पाय बसवून घ्यायला पुण्याला गेले होते. आमचे हे तिला शाळेत घेऊन गेले. मास्तरनी बापाचं नाव विचारलं, यांनी आपलं सांगितलं. पोरगी खरंच यांची होती, त्यामुळं त्यात खोटं काही नव्हतं. अशी एकेक ठिकाणी ती आमच्या नावावर चढत गेली आणि घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

भाऊजींच्या कागदांबद्दल लिहायला पाहिजे. त्यांची लोखंडी पेटी आहे, फौजेतली. तिच्यात एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला. कुठला कागद कुठे आहे हे ते न बघता सांगतात. हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की धुतलेला शर्ट घालून सकाळच्या पहिल्या गाडीनं बिदरला जातात. शेजारी विचारतात, कुठं निघालात? तर म्हणतात, "जित्ता हाय म्हनून सांगायला जायलोय." बसमध्ये अपंगांच्या जागेवर कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवत नाहीत, दांडी धरून उभे राहतात. पायाचा पट्टा घासून मांडी लाल झालेली असते. ती अक्कालाच दिसते आणि अक्काच्या तोंडून मला कळते. मी कधी डोळ्यानं बघितली नाही.

कारण मी त्यांच्यासमोर जात नव्हते. थोरल्या भाऊजींसमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, सरळ बोलायचं नाही, असं मला माहेरून शिकवून पाठवलं होतं. आताच्या पोरी पाळत नाहीत. मी पाळलं. त्यात माझा स्वभावही तसाच. लग्नाला सोळा-सतरा वर्षं झाली तरी त्यांना चहा मी दाराच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि ते मला काही सांगायचं झालं तर अक्काला सांगायचे, मी तिथंच उभी असले तरी.

तर पोरीची पाठ. बिदरला दाखवलं, मग हैदराबादला. पाठीचा कणा वाकलाय, अजून वाकेल, वाढीचं वय आहे तोवर ऑपरेशन करा, नाहीतर पुढं श्वासाला त्रास होईल, असं सांगितलं. वर्ष घालवू नका म्हणाले. माजी सैनिकाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना मोठ्या दवाखान्यात इलाज मिळतो, त्याचं कार्ड असतं. भाऊजींना हे माहीत होतं. ते बिदरच्या सैनिक कल्याणच्या ऑफिसात गेले आणि तिथं त्यांची यादी बघितली. अवलंबितांच्या यादीत दोन नावं होती. बायको आणि आई. लेकीचं नाव नव्हतं, कारण कागदावर लेकच नव्हती.

तिथला क्लार्क स्वतःही फौजेतला. त्यानं नीट समजावून सांगितलं. दत्तकपत्र करा, नोंदणी करा, ते घेऊन या. मग शाळेत आणि आधारवर नाव बदला. मग मी इथून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवतो. तिकडून नाव चढलं की कार्ड. आणि एक विचारलं, माताजी आहेत का? सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. भाऊजी म्हणाले, न्हाईत. क्लार्क म्हणाला, मग नाव का ठेवलंय, नाईकसाब? इतक्या कागदाच्या माणसानं यादी उलटी करून ठेवली. मृत्यूचा दाखला पेटीत होता, प्लास्टिकच्या पिशवीत. नऊ वर्षं त्यांनी तो तिथून काढला नव्हता.

दत्तकपत्र तालुक्याच्या नोंदणी ऑफिसाबाहेर बसणाऱ्या बाँड रायटरनं कन्नडमध्ये लिहिलं. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. देणारे आईबाप म्हणून आम्ही दोघं, घेणारे म्हणून ते दोघं, साक्षीला अय्या आणि शेजारचे एक गृहस्थ. आत साहेब बसलेले. भला माणूस होता. आमच्या यांना विचारलं, खुशीनं दिली का? हे म्हणाले, व्हय. मग मला विचारलं.

माझं तोंड उघडलं नाही.

साहेबांनी परत विचारलं, हळू. मला सगळं समजत होतं. पोरीची पाठ डोळ्यासमोर होती. एकच शब्द बोलायचा होता. पण बाहेर बाँड रायटरनं घाईत जे वाचून दाखवलं त्यातलं एक वाक्य माझ्या गळ्यात बसलं होतं. यापुढे जन्म देणाऱ्यांचा मुलीवर कोणताही हक्क राहणार नाही. आमच्या यांनी मला कोपरानं हलवलं. बाँड रायटर दारातून म्हणाला, "बाई लाजायल्यात साहेब, मान हलिवली की, लिवा व्हय म्हनून." मी मान हलवली होती की नाही ते मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी पेन उचललं.

तेव्हा भाऊजी म्हणाले, "थांबा साहेब. आज ऱ्हाऊ द्या."

ज्याला त्या कागदाची सगळ्यात जास्त गरज होती, त्यानंच तो थांबवला. साहेबांनी पेन ठेवलं. भाऊजी टेबलाला हात टेकून उठले, कागद घडी करून खिशात घातला आणि सगळ्यांच्या आधी बाहेर गेले.

बसस्टँडवर अक्का माझ्याशी भांडली. एरवी ती मला कधी टाकून बोलत नाही. म्हणाली, तोंडात भात धरला व्हतास का? डॉक्टर थांबंल का तुझ्या लाजंसाठी? लोक बघत होते. आमचे हेही तिच्या बाजूनं बोलत होते. मी खाली बघत उभी. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला आणि ती म्हणाली, "परत पायजे का तुला? तसं असंल तर सांग बाई. मनात ठिवू नको."

तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. तेरा वर्षं त्या पोरीचे केस तिनं विंचरले होते. भाऊजी तिकडं बाकावर बसून पायाचा पट्टा सैल करत होते. बस आली, आम्ही घरी आलो. जेवताना मात्र अक्कानं पहिली भाकर माझ्याच ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहा झाल्यावर भाऊजींनी ओट्यावर घोंगडी टाकली, चष्मा लावला आणि अक्काला समोर बसवलं. म्हणाले, "तिला म्हनावं दाराजवळ ये." मी आत ज्वारी निवडत होते. उठून दाराआड उभी राहिले. हे अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते, पोरगी नळावर भांडी घासत होती.

भाऊजी अक्काकडं बघत म्हणाले, "फौजेत अंगठा घ्यायच्या आधी कागद वाचून दाखवतेत. सिपाई अडाणी असला तर त्याच्या बोलीत दाखवतेत. हिला कुनी दाखवला?"

मग त्यांनी तो सगळा कागद वाचला. एक ओळ कन्नड, तीच ओळ मराठीत. घाई केली नाही. नावं, गाव, वय, बारशाची तीथ, अय्यांनी लिंग बांधल्याचं, ओटीत दिल्याचं. ओटीत दिल्याचं ऐकताना मला लेकराच्या टाळूचा वास आला. ते वाचत होते आणि मधेमधे विचारत होते, समजलं का इचार. अक्का माझ्याकडं वळून विचारायची, समजलं का? मी हुं म्हणायची. ती त्यांना सांगायची, समजलं. मी दोघांपासून दोन हातांच्या अंतरावर होते.

ती ओळ आली. त्यांनी वाचली, मराठीत सांगितली, आणि चष्मा काढला.

"हिथं अडकलं व्हतं का, इचार."

अक्कानं विचारलं नाही. ती खाली बघत बसली.

भाऊजी म्हणाले, "बाँड रायटरला मी काल इचारलो. ही ओळ काढता येत न्हाई म्हनला. कायद्याची हाय." मग चष्मा पुसत म्हणाले, "तवा आईनं हिला इचारलं अन् हिनं मान हलिवली म्हनून आईनं मला सांगितलं. मी बाजंवर पडून व्हतो. उठून दारापस्तोर आलो न्हाई. तुज्या मनात काय हाय म्हनून मी इचारलोच न्हाई. लेकरू घेतलो." हे 'तुज्या मनात' ते अक्काकडं बघत म्हणाले, पण ते मला होतं. "आता हिनं न्हाई म्हनलं तरी पोरीची पाठ सरळ करू. माज्या वाट्याचं शेत हाय. ते इकायला काडू. कागदासाटी हिला धरायचं न्हाई."

आमचे हे म्हशीजवळ थांबले होते. बादली हातातच होती.

मी दाराआडून बाहेर आले. कशी आले ते मला माहीत नाही. ओट्यावर त्यांच्यासमोर उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. मी म्हटलं, "भाऊजी."

त्यांनी वर बघितलं. मी त्यांना हाक मारलेली ती पहिलीच. आवाज फाटका निघाला.

"मला ती परत नको. अक्कानं वाढविलंय तसं मला वाढवता आलं नसतं. पन तवा मी बोलले न्हवते. नुसती मान हलिवली. काल साहेबानं इचारलं तवा वाटलं, आता बी मानच हलवायची का? म्हनून तोंड मिटलं." एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. श्वास घेऊन पुढचं म्हटलं, "तुमी इचारलात. आता सांगायलेय. दिली मी. तवाच दिली. शेत काडू नका."

अक्का उठून माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला नाही, मिठी मारली नाही. माझ्या पदराला ज्वारीचं तूस लागलं होतं ते झटकायला लागली. झटकून झालं तरी झटकत होती.

नळाजवळून पोरगी म्हणाली, "अन् मला कुनी इचारायलंय का?"

भाऊजी म्हणाले, "इचारतो की. बोल."

"माजी पाठ बगा आदी. मग नाव कुटं लिवायचं तिथं लिवा."

आमचे हे हसले, मग भाऊजी हसले. पोरगी परत भांडी घासायला लागली, पण घासलेलीच.

पुढच्या आठवड्यात परत तालुक्याला गेलो. साहेबांना आमची ओळख होती. मला विचारलं. मी म्हटलं, "दिली मी. माज्या खुशीनं." शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून बघितलं, इतका मोठा आवाज झाला. सही मी सावकाश केली, नावातलं जोडाक्षर नीट काढून.

मग शाळा, आधार, त्यात दिवस गेले. भाऊजी प्रत्येक ठिकाणी स्वतः गेले. मोटारसायकलवर मागं बसून ये म्हणून यांनी सांगितलं तरी कधी बसनं, कधी चालत. एकदा ऑफिसचा जिना चढून वर गेल्यावर कळलं की झेरॉक्स खाली विसरली. उतरले आणि परत चढले. आमचे हे रागावले, तिथल्या पोराला पाठवायचं नाही का? भाऊजी म्हणाले, "माज्या लेकीचं काम हाय."

बिदरच्या ऑफिसात शेवटचा अर्ज भरायला आम्ही चौघं गेलो होतो. क्लार्क म्हणाला, आधी माताजींचं नाव कमी करून घेऊ, मग मुलीचं चढवू. भाऊजींनी सासूबाईंचा दाखला पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. म्हणाले, "साब, आदी नवं लिवा. मग जुनं काडा." क्लार्क म्हणाला, काय फरक पडतो? फरक पडत नव्हता. पण आमच्याकडं कणगी पूर्ण रिकामी करून भरत नाहीत. तळाला जुनी मूठभर ज्वारी ठेवूनच नवी ओततात. क्लार्कचं गावही आमच्याच बाजूचं असावं. त्यानं जास्त विचारलं नाही. तिसऱ्या ओळीत पोरीचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात मुलगी असं लिहिलं, आणि मग वरच्या ओळीवर सासूबाईंच्या नावापुढं खूण केली. भाऊजींनी तेव्हा हात काढला. भावाभावात कागद नको म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई एवढा वेळ त्या यादीत नातीच्या शेजारी होत्या.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत पोरीचा खांदा आणखी उतरला असं मला वाटायचं. अक्कालाही वाटायचं, पण दोघीही बोलायचो नाही. पत्र आलं तेव्हा अक्का शिलाई मशीनवर होती. भाऊजींनी ते तिला दिलं नाही. दारापाशी आले आणि मला नावानं नाही, पोरीच्या नावानं नाही, नुसतं "हे बग" म्हणून माझ्या हातात दिलं. पत्र हिंदीत होतं, त्याची अक्षरं मला लागतात. बोट ठेवून वाचलं. पत्नी. पुत्री. पोरीचं नाव काना-मात्रेसकट बरोबर होतं. मी म्हटलं, "बरोबर हाय." ते म्हणाले, "तू बगितलीस म्हंजे झालं."

कार्ड झालं, हैदराबादच्या दवाखान्याची तारीख मिळाली. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार टळून गेली तरी चाललं होतं. आत जाऊन बसायचा पास आईला एकच मिळतो. तो अक्काच्या गळ्यात होता. संध्याकाळी भेटायच्या वेळेत आम्हालाही आत सोडलं. पोरगी पालथी नव्हती, पाठीवरच होती, तोंड सुजलेलं. "अव्वा" म्हणाली. अक्का डोक्याशी झाली. मी पायाशी उभी राहिले. भाऊजी माझ्या बाजूला. त्यांच्याजवळ इतक्या जवळ मी कधी उभी राहिले नव्हते.

कण्याच्या ऑपरेशनात पायांची ताकद गेली नाही ना हे बघायला डॉक्टरनी चादर वर केली आणि पोरीला पायाची बोटं हलवायला सांगितली. तिला ऐकू आलं की नाही कळेना. डॉक्टर परत बोलले. भाऊजींच्या तोंडावर घाम होता. ते वाकले आणि तिच्याशी आमच्या बोलीत बोलले, अगदी हळू, घाई करू नको म्हणाले.

आधी डाव्या पायाचा अंगठा हलला. मग उजव्याचा.